वाळूतला ‘ग’

दस्तगीर मुजावरनं पाटी माझ्यापुढं धरली. पाटीवर ‘ग’ होता. पण त्याचा दांडा डावीकडं आणि आकडा उजवीकडं.

“हे काय काढलंस?”

“ग.”

“फळ्यावर बघ. दांडा कुठल्या अंगाला आहे?”

त्यानं फळ्याकडं बघितलं, मग पाटीकडं, मग पुन्हा फळ्याकडं. शेवटी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू चूक माझी आहे पण मोठ्या मनानं तो ती बोलून दाखवत नाही.

“असंच असतंय की अण्णा. सव्वीस वर्षं मी असंच काढतोय.”

“मग सव्वीस वर्षं चुकतोयस,” मी म्हणालो. “घरी आरशात बघून लिहितोस काय?”

वर्ग हसला. वर्ग म्हणजे नऊ माणसं, आमच्या स्टोअरच्या मागच्या बाजूला, रिकाम्या खोक्यांवर बसलेली. दस्तगीर पण हसला, पण थोडा उशिरा. पाटी फडक्यानं पुसून त्यानं पुन्हा ‘ग’ काढला, पुन्हा तसाच.

मी तेव्हा जगदेव कास्टिंगमध्ये स्टोअरकीपर होतो. भूपाल हेरवाडे, सगळे अण्णा म्हणायचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा असलेला दस्तगीरसुद्धा. मी मात्र त्याला अरेतुरे करायचो. स्टोअरच्या खिडकीच्या आत बसणारा बाहेर उभ्या असणाऱ्याला अरेतुरेच करतो, असा तिथला रिवाज होता आणि तो मी काही मोडला नाही.

कोल्हापूर-सांगली रस्त्यावरची ती फाउंड्री. उसाच्या चरकाची चाकं, पंपांची कवचं, असला माल. लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, ओलसर वाळूत ठोकून बसवायचा, अलगद उचलायचा, आणि वाळूत उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. त्या पोकळीला मोल्ड म्हणतात आणि ती करणाऱ्याला मोल्डर. मोल्डचे दोन अर्धे असतात; ओतायच्या आधी ते एकमेकांवर मिटायचे. प्रत्येक नगाच्या पोटावर आमच्या मालकाचं नाव उठून यायचं, ‘जगदेव’.

मोल्डरांत दस्तगीर पहिला. मूठभर वाळू दाबायचा, अंगठ्यानं मोडायचा आणि सांगायचा, “ओल जास्त झाली, थोडी सुकी टाका.” अर्ध्या तासानं लॅबमधून आकडा यायचा, तो ह्याच्या अंगठ्याशी जुळणारा.

पण त्या वर्षी पुण्याच्या एका पंपवाल्या कंपनीनं आमच्याकडं काम द्यायचं ठरवलं आणि सोबत एक अट पाठवली. प्रत्येक मोल्डरनं आपल्या मोल्डचं कार्ड स्वतःच्या हातानं भरायचं: नाव, तारीख, भट्टीचा नंबर, वाळूची ओल. ज्याला भरता येत नाही तो मोल्डिंगला नको. आमचे वर्क्स मॅनेजर बेनाडीकर साहेब वयानं तिशीचे, अंगठ्यापेक्षा आकड्यावर विश्वास असणारे. त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली आणि माझं अक्षर चांगलं म्हणून मला मास्तर केलं. नापास होईल तो फेटलिंगला. फेटलिंग म्हणजे थंड झालेल्या नगाची धार घासायचं खातं. दिवसभर चाकाचं किंचाळणं, तोंडाला फडकं आणि फडक्यातून आत गेलेली धूळ. तिथं गेलेला माणूस मोल्डिंगला परत आलेला मी बघितला नव्हता.

वर्गासाठी मी एक रजिस्टर घातलं. नाव, हजेरी, प्रगती, शेरा. शेरा लिहिण्यात माझा हात कुणी धरत नसे. ‘बंडू रेडेकर: डोके बरे, लक्ष कँटीनकडे.’ ‘शेवंता आवळे: तोंड जास्त चालते, हात त्याहून जास्त.’ शेवंता कोअर शॉपमधली. मोल्डच्या पोटात ठेवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, करायची. तिला कुणी परीक्षा सांगितली नव्हती. “माझं कार्ड माझ्या सुनेला वाचून दाखवायचंय,” म्हणून स्वतः येऊन बसली होती.

दस्तगीरच्या नावापुढं मी प्रामाणिकपणे टिपत होतो: ‘स, त, र, म सरळ काढतो. ज, ग, द, व उलटी काढतो. सांगूनही फरक नाही.’ टिपलं सगळं; विचार काही केला नाही. रजिस्टर ठेवणाऱ्या माणसाला लिहून झालं की समजून झालं, असं वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात मी सगळ्यांना आपापलं नाव लिहायला सांगितलं. दस्तगीर बराच वेळ पाटीवर वाकून होता. तोंडात जिभेचं टोक, कपाळावर घाम. भट्टीसमोर उभं राहूनही ज्याला घाम फुटत नसे, त्याला चार अक्षरांनी फोडला होता. पाटी पुढं आली. काही अक्षरं सरळ, काही उलटी, आणि सगळं नाव उजवीकडून सुरू होऊन डावीकडं गेलेलं.

मला त्या दिवशी सकाळपासून कशाचा तरी राग होता. कशाचा, ते आता आठवत नाही. बोललो ते आठवतं.

“मुजावर, ही उर्दूची शाळा न्हवं.”

ह्यावेळी आधीपेक्षा जोरात हसले. शेवंता तेवढी हसली नाही. दस्तगीर पण हसला नाही.

“उर्दू पण येत न्हाई मला, अण्णा,” तो म्हणाला. अगदी माहिती दिल्यासारखं. मग पाटी पुसली, खोक्यावर ठेवली, त्यावर पेन्सिल ठेवली, पेन्सिल घरंगळू नये म्हणून तिला फडक्याचा आधार दिला आणि निघून गेला.

“अण्णा,” शेवंता म्हणाली, “तुमी लईच शिकल्याला माणूस.”

तो पुन्हा वर्गाला आला नाही. बोलावणं मी धाडलं नाही. येईल की, म्हणालो. तीन महिने भरत आले तेव्हा साहेबांनी रजिस्टर मागवलं. मी त्याच्या नावापुढं शेरा लिहिला: ‘अक्षरओळख होणे अशक्य. फेटलिंगला द्यावे.’ शाई वाळेपर्यंत झाकण उघडं ठेवलं आणि मग रजिस्टर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

साहेबांनी परीक्षा सोमवारची लावली. पण ज्याच्यापुढं ‘अशक्य’ लिहिलंय त्याला परीक्षेला बसवायचं तरी कशाला? शनिवारी सकाळी त्याला केबिनमध्ये बोलावून सोमवारपासून फेटलिंगला जायला सांगितलं. तिथून तो सरळ माझ्या खिडकीपाशी आला. हातात हत्यारांची पिशवी.

“जमा करून घ्या.”

मी यादी काढली. त्यानं एकेक हत्यार फळीवर ठेवलं. थाप्या तीन, ठोकण्या दोन, वाळू उचलायचे उचलणे तीन, ब्रश, पाण्याचा बुधला, भोकं पाडायची तार. सगळी घासून पुसून. अकरा नग. अकरांवर खुणा केल्या. तरी पिशवीत अजून काहीतरी राहिलं होतं.

“ते?”

“ते घरचं हाय. सायकलच्या तारेचं केलंय मी.”

वितीएवढी तार होती, टोकाला चपटी ठोकून किंचित वाकवलेली, मुठीला दोरा गुंडाळलेला. दोरा घामानं काळा पडलेला.

“कशाला लागतं?”

“नाव मोडलं तर.”

“कुणाचं नाव?”

“ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला. “आता काय त्याचं.” मग जरा थांबून, “खाली जाऊन येऊ का एकदा? पुण्याचे बारा मोल्ड मिटायचेत आज. मिटायच्या आधी बघायची सवय हाय.”

“जा की. सोमवार अजून उजाडला नाही.”

पुण्याच्या नमुन्याचे ते पहिले बारा नग. सोमवारी त्यांचा माणूस परीक्षा पण बघणार होता आणि नग पण. पॅटर्न पुण्याहून आला होता, पण त्यावर पंपाचं नाव नव्हतं. ते आम्ही बसवायचं होतं. आमचा पॅटर्नमेकर मुलीच्या बाळंतपणासाठी गडहिंग्लजला गेलेला. म्हणून ते काम मी अंगावर घेतलं आणि माझ्या मते चोख केलं. लग्नपत्रिकांचे ब्लॉक करणाऱ्या एका कारागिराकडून ‘तरंग’ अशी पितळी पट्टी करून आणली. आणल्यावर स्टोअरच्या शिक्क्याच्या पॅडवर दाबून कागदावर उठवून बघितली. काय सुंदर उठली! रजिस्टरात ‘तपासले, ठीक’ लिहिलं आणि दोन स्क्रूनं मी स्वतः ती पॅटर्नवर बसवली.

दहा मिनिटांनी खालून ओरडा आला. मी धावलो.

मोल्डिंगच्या फरशीवर बारा मोल्ड उघडे मांडलेले. पलीकडं भट्टी तापलेली. शेवंता आणि दुसरी एक बाई कोअर घेऊन उभ्या. आणि बाराच्या मधोमध दस्तगीर, दोन्ही हात पसरून, जनावर अडवावं तसा.

“मिटायचं न्हाई,” तो म्हणत होता. “एक बी मिटायचं न्हाई.”

बेनाडीकर साहेब लाल झाले होते. “मुजावर, बाजूला हो. भट्टी थांबते का तुझ्यासाठी?”

“भट्टीतलं चरकाच्या मोल्डात ओता साहेब, ते तयार हाईत. हे न्हाई. ह्याच्यात नाव उलटं हाय.”

“नाव?” साहेब जवळ जाऊन वाकले. मी पण वाकलो. वाळूत, पॅटर्ननं सोडलेल्या गुळगुळीत पोटावर, स्वच्छ अक्षरं उमटली होती. मी मोठ्यानं वाचली: “त-रं-ग. तरंग. साहेब, बरोबर आहे.”

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “मला पण वाचता येतंय.”

“वाचता येतंय न्हवं?” दस्तगीर म्हणाला. “म्हणूनच चुकलंय.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. “ह्याच्यापुढं काय लिहिलंय तुम्ही? अशक्य ना? मग अक्षराचं आता हा सांगणार काय आपल्याला?”

तोवर दस्तगीर गुडघ्यावर बसला होता आणि त्याचं बोट, वाळूला न लागता, ‘ग’च्या वर फिरत होतं.

“हे मला येतंय साहेब. बाकीची दोन वाळूत येत न्हाईत, पण हे येतंय. जगदेवमधलं हाय. ह्याचा दांडा बघा, उजव्या अंगाला हाय. अण्णांच्या फळ्यावर असतोय तसा. वाळूत दांडा डाव्या अंगाला लागतोय. वाळूत जे डावं, ते लोखंडात उजवं. सव्वीस वर्षं मोडल्यालं नाव मी ह्या हातानं दुरुस्त केलंय, वाळूतला ‘ग’ असा कधी नव्हता.”

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. विचाराची होती, का रागाची, कळेना. मागनं शेवंता पुढं आली. कोअरची फळी तिनं दुसरीच्या हातात दिली, कमरेची पिशवी सोडली आणि आतून एक गोल आरसा काढला, कुंकू लावताना धरतात तेवढा.

“अण्णा,” ती म्हणाली, “आरशाचं नाव तुमीच काढलं होतंसा. आता बघा.”

तिनं आरसा मोल्डच्या काठावर तिरका धरला. मी आत बघितलं. आरशात गरंत नव्हतं, तरंग नव्हतं. ज्याला नाव म्हणावं असं काहीच नव्हतं. नुसती पाठमोरी अक्षरं. उद्या लोखंड थंड होऊन वाळू झडली असती, तर बाराच्या बारा पंपांच्या पोटावर हेच उठून आलं असतं, घासून न जाणारं. आणि त्या आरशातला ‘ग’ मी ओळखला. तो मी तीन आठवडे एका पाटीवर बघत होतो.

“ही पट्टी कुणी आणली?” साहेबांनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो. “मीच तपासली.”

“कशी?”

“कागदावर उठवून.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेब तोंड उघडणार तेवढ्यात दस्तगीर उठून हात झटकत म्हणाला, “पट्टी झकास हाय साहेब. कारागिराचा हात चांगला. फक्त कागदासाठी केल्याली हाय. कागदावर नाव एकदा उलटतंय, आपल्यात दोनदा.”

मग त्यानं पिशवीतून ती सायकलची तार काढली.

भट्टीचं पहिलं लोखंड चरकाच्या मोल्डांत गेलं. पुढचं यायला पाऊण तास होता. दस्तगीरनं बाराही नावं वाळू भरून, दाबून, थापीनं सपाट केली. ती थापी मी स्टोअरमधून पळत आणून दिली आणि यादीत खूण करायची राहून गेली. मग तो माझ्याकडं वळला.

“‘त’ आणि ‘र’ काढून द्या अण्णा. ठळक. कागद पातळ असू द्या.”

मी काढून दिले, ‘र’वर टिंब देऊन. त्यानं कागद उलटा केला, दाराच्या उजेडाकडं धरला आणि मागच्या बाजूनं बघितला. एकदा, दोनदा. ओठ हलत होते. ‘ग’साठी त्याला कागद लागला नाही.

बारा मोल्डांवर बारा वेळा त्यानं ते नाव कोरलं. तार वाळूत जायची, वळायची, बाहेर यायची. उडालेला कण तो फुंकर मारून उडवायचा. उजवीकडून सुरू करून डावीकडं. पाटीवर ज्या हाताला घाम फुटत होता तोच हात. बंडू रेडेकर माझ्या कानाशी म्हणाला, “अण्णा, मास्तर कोण आणि पोरगं कोण?” मी त्याला गप म्हणालो नाही.

शेवंतानं प्रत्येक मोल्डवर आरसा धरला आणि मी आरशात वाचलं. बाराव्याला साहेबांनी पण वाचलं. मग मोल्ड मिटले.

त्या दुपारी स्टोअरमध्ये येऊन मी वर्गाचं रजिस्टर परत मागवलं. त्याची पानं चाळली. ‘ज, ग, द, व उलटी काढतो.’ खिडकीतून समोर आमच्या फाटकावरची ‘जगदेव कास्टिंग’ ही पाटी दिसत होती. मी ती पाटी वाचली, मग ती चार अक्षरं वाचली.

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. शिरोलीला, पत्र्याचं घर, दारात पेरूचं झाड. तो झाडाखाली बसून सायकल पुसत होता.

“मिस्त्री,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मिस्त्री म्हणालो. “तुम्ही उद्या परीक्षेला बसायचं. मी साहेबांना सांगितलंय.”

“आता एका दिवसात काय येणार अण्णा? तुमचं सगळं माझ्या उलटं.”

“उलटं नाही. तुम्ही वाळूत लिहिताय. कार्डावर लिहायचं म्हणजे लोखंडात लिहायचं. मोल्ड फोडल्यावर नाव कसं दिसतं, तसं.”

त्यानं सायकलचं चाक फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत राहिला.

“मोल्ड फोडल्यावर मी कवा बघतच न्हाई,” तो म्हणाला. “ओतलं की माझं काम झालं. पुढं माल फेटलिंगला जातोय.”

“आणि दुकानांच्या पाट्या? एसटीच्या?”

“त्या बघून काय करायचं? येत न्हाई म्हटल्यावर माणूस तिकडं बघायचं सोडून देतंय, अण्णा.”

मी पिशवीतून पाटी काढली. तीच, त्याची. त्यानं ती घेतली. मुलगी आतून चहा घेऊन आली आणि चहा निवेपर्यंत त्यानं सव्वीस वर्षांचा हात वळवायचा प्रयत्न केला. मधेच म्हणाला, “त्या दिवशी मला वाटलं, तुमीच उलटं शिकवताय. पण मास्तराला कुणी सांगायचं?”

“सांगायचं होतंसा.”

“सांगितलं की. असंच असतंय म्हटलं.”

म्हटलं होतं खरं. पहिल्याच दिवशी.

त्या दिवशीचं, उर्दूचं बोलणं माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, “मिस्त्री, त्या दिवशी मी...”

“चहा घ्या,” तो म्हणाला. “साय येती त्याच्यावर.”

सोमवारी पुण्याचा माणूस बारा नगांवर हात फिरवून आला आणि परीक्षेच्या टेबलाशी बसला. दस्तगीरनं कार्ड घेतलं. प्रत्येक अक्षराआधी एक क्षण डोळे मिटायचा, वाळू फोडतोय असा, आणि मग लिहायचा. नाव लिहिलं. तारीख लिहिली; आकडे त्याला आधीपासूनच येत होते. भट्टीचा नंबर लिहिला. वाळूची ओल लिहायच्या आधी शेजारच्या घमेल्यातली मूठभर वाळू घेऊन अंगठ्यानं मोडली, आणि मग आकडा लिहिला. एकूण अकरा मिनिटं लागली. पुण्याच्या माणसानं कार्ड वाचलं, लॅबच्या कागदाशी ताडून बघितलं आणि सही केली. फेटलिंगच्या हजेरीत दस्तगीरचं नाव चढायचं होतं, ते चढलं नाही. पुढं चौदा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, तो मोल्डिंगलाच होता.

परीक्षेनंतरही वर्ग काही महिने चालला आणि दस्तगीर त्याला येत राहिला. वर्ग संपला त्या शेवटच्या दिवशी मी त्याच्यापुढं रजिस्टर उघडलं. ‘अक्षरओळख होणे अशक्य’ हा शेरा तिथंच होता. नोंद खोडायची नाही, चुकली तर खाली दुसरी करायची, हा माझा स्टोअरमधला नियम. “मिस्त्री,” मी म्हणालो, “ह्याच्या खाली काय लिहायचं ते तुम्हीच सांगा.”

“मला लिहिता येतंय,” तो म्हणाला.

त्यानं पेन घेतलं, डाव्या हाताची भिंत करून मला दिसू नये असं बराच वेळ लिहिलं, रजिस्टर मिटवून माझ्या हातात दिलं आणि “येतो, अण्णा,” म्हणून सायकलवर बसून गेला. मी उघडलं. माझ्या शेऱ्याच्या खाली काहीच नव्हतं. पानाच्या तळाला ‘मास्तर: भू. आ. हेरवाडे’ अशी माझी सही होती; तिच्यापुढं वाकड्यातिकड्या, मोठ्या अक्षरांत शेरा होता:

‘शिकतोय. वेळ लागेल.’

सगळी अक्षरं सरळ होती. फक्त ‘लागेल’मधल्या ‘ग’चा दांडा डावीकडं. राहून गेला, का मुद्दाम ठेवला, ते मी त्याला कधी विचारलं नाही. आणि खोडला तर नाहीच.